करंट, एमआरआय आणि काकूंची भीती

“मॅडम, कानात करंट सोडणार, वर एमआरआय. आईच्या मेंदूला काही झालं तर?”

कॉक्लियर इम्प्लांटच्या, म्हणजे कानाच्या आत बसवून श्रवणनसेला करंटने आवाज पोचवणाऱ्या उपकरणाच्या, शस्त्रक्रियेआधी हा प्रश्न मला अनेक घरांतून ऐकू येतो. या वेळी विचारणारा मुलगा आईला घेऊन साताऱ्याहून आला होता. मेंदूज्वरानंतर काकूंचे दोन्ही कान गेले होते. ओठांवरून निम्मं बोलणं त्यांना कळायचं, उरलेलं निम्मं त्या भीतीने भरून काढायच्या.

मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : “दोन तपासण्या. दोन वेगळ्या खोल्या.”

मेंदूज्वरानंतर कानाच्या आतल्या शंखात हाड वाढू शकतं. मग इम्प्लांटची तार आत सरकवणं अवघड होतं. म्हणून शंखात द्रव शिल्लक आहे का, श्रवणनस नीट आहे का, हे एमआरआयमध्ये बघतात. ती नस दाद देते का, हे करंटच्या तपासणीत कळतं. कानाचा पडदा बधिर करून बारीक सुई आतल्या हाडाला टेकवतात. करंट मायक्रोअँपियरमध्ये, म्हणजे अँपियरच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. हात वर केला की थांबवतात.

मुलाची शंका वेडगळ नव्हती, हे मी त्याला आवर्जून सांगितलं. साधी तार एमआरआयमध्ये नेली तर रेडिओलहरींनी तापू शकते, वेटोळं पडलं तर तिच्यात आपोआप करंट तयार होतो. संशोधनात करंट आणि एमआरआय एकत्र करतात, तेव्हा चुंबकाकडे न ओढले जाणारे इलेक्ट्रोड आणि खास तारा वापरतात. काकूंच्या तपासणीतली सुई त्या खोलीत जाणारच नव्हती.

तरी काकूंचा चेहरा उतरलेलाच. शेवटी त्यांनी पाटी ओढून लिहिलं, “आत मला कोणाचं ऐकू येणार नाही.”

खरी भीती ही होती. आम्ही खुणा ठरवल्या. हातात रबरी चेंडू, दाबला की मशीन थांबवतील. मुलाच्या अंगावर धातू नाही हे तपासून त्याला पायाशी बसवायचं. पावलावर एक थाप म्हणजे सुरू, दोन म्हणजे संपलं. घट्ट बसलेली जोडवी साबण लावून आदल्या रात्रीच काढायची.

आता इम्प्लांट बसलंय. त्याच्या आतल्या भागात चुंबक आहे, म्हणून पुढे कधीही एमआरआय लागला तर आधी इम्प्लांटचं कार्ड दाखवायचं. कुठल्या ताकदीचं मशीन चालेल, पट्टी बांधायची की चुंबक काढायचं, हे मॉडेलवर ठरतं. कानामागचा बाहेरचा, आवाज टिपणारा प्रोसेसर मात्र खोलीबाहेरच ठेवायचा. काकू ते कार्ड पदराला बांधलेल्या किल्ल्यांसोबत ठेवतात.