निपाणीहून तार्तूला: विचारलंस म्हणून

निपाणीत ग्राफिक डिझाइनची कामं करतेस, सिनेमाचं वेड आहे, आणि ‘ताई, चिन्हमीमांसा शिकायला एस्टोनियात तार्तूला जाऊ की इटलीत बोलोन्याला?’ असं विचारलंस. शब्द, चित्रं, पाट्या अशा चिन्हांतून अर्थ कसा घडतो, याचा हा अभ्यास. तुझा प्रश्न वाचून मन ढवळून निघालं, म्हणून उत्तर लांबणार आहे.

फी, व्हिसा, तारखा विद्यापीठांच्या साइटवर आहेत, त्या तिथेच बघ. बोलोन्याला चिन्हमीमांसक आणि कादंबरीकार उंबेर्तो एकोची परंपरा आहे, पण इटालियन पक्कं हवं. तार्तूचं एमए इंग्रजीतून होतं. मी इथं आले ती चिन्हमीमांसेतल्या युरी लोटमन या अभ्यासकासाठी. हा लेनिनग्राडचा ज्यू. तिथं नोकरीची दारं बंद झाली म्हणून १९५० मध्ये तार्तूला आला आणि इथलाच झाला. १९८४ च्या एका लेखात तो म्हणतो की संस्कृतीत अर्थाची उलाढाल मध्यापेक्षा सीमेवर जास्त जोरात चालते, कारण सीमेवरचा माणूस सतत दोन भाषांत ने-आण करत असतो. हे वाचताना मला मराठी-कन्नडमध्ये चालणारा आपला बेळगावचा खडेबाजार दिसला. आपण ज्याला रोजची कटकट म्हणत आलो, त्यावर कुणीतरी अख्खा सिद्धांत उभा केला होता!

रशियन दिग्दर्शक कुलेशॉवचा प्रयोग तुला माहीत असेल: नटाचा तोच चेहरा, पुढे कधी सूपची वाटी, कधी शवपेटीतलं मूल, आणि प्रेक्षकाला दर वेळी वेगळा भाव दिसतो. आता १ नोव्हेंबरचं, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशीचं बेळगाव घे. कन्नडचा पिवळा-लाल झेंडा फडकतोय. पुढचा शॉट ढोल आणि मिरवणुकीचा लाव, तो सण होतो. पुढचा शॉट मराठी गल्लीतल्या बंद शटरांचा लाव, तो काळा दिन होतो. झेंडा तोच. दोन्ही शॉट खरे आहेत, आणि आपण दोन्ही बघत वाढलो. दुकानाच्या पाट्यांचंही तेच. २०२४ पासून कायद्यानं ६० टक्के जागा कन्नडला, तीही वरच्या बाजूला. मग उरलेल्या जागेत मराठी किती पॉइंटात बसवायची, की बसवायचीच नाही, हा निर्णय तू रोज गिऱ्हाइकासमोर बसून घेतेस. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थनं १९६४ मध्ये पास्त्याच्या एका जाहिरातीतून ‘इटालियनपणा’ उलगडून दाखवला. तसं तुझ्या कामाचं कुणी अजून केलेलं नाही.

कागदपत्रांबद्दल मात्र आधीच सांगते. माझ्या पासपोर्टवर ‘बेलगाम’, २०१४ नंतरच्या दाखल्यांवर ‘बेळगावी’, जन्मदाखला कन्नडमध्ये. इथल्या एका खिडकीवरच्या बाईंनी ही दोन वेगळी गावं धरली आणि फाइल बाजूला ठेवली. दोन्ही एकच, असं प्रतिज्ञापत्र आणि दाखल्यांची प्रमाणित भाषांतरं गावाकडूनच करून आण.

आणि एक गोष्ट, जी अजून गिळता येत नाही. मुलाला शाळेत घातलं तेव्हा ‘घरची भाषा’ या रकान्यात शाळेतल्यांनी स्वतःच हिंदी लिहिलं. भारत म्हणजे हिंदी. मराठी सांगितलं तर म्हणाले, यादीत नाही. माझे आजोबा मराठीत सरकारी कागद मिळावेत म्हणून मोर्च्यात चालले, आजी घरात कन्नड बोलायची, आणि पणतवाच्या कागदावर दोन्ही नाहीत. मी भांडले. रकाना बदलला नाही.

एकटेपणाचं विचारलंस. डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या आत सूर्य मावळतो, भिशी नाही, हळदीकुंकू नाही. सवय होते. त्यापेक्षा मला दुसरंच जड गेलं. इथल्या एस्टोनियन आणि रशियन पाट्या मी बारकाईनं वाचू शकते, पण त्यातली एकही माझ्या जिवाला लागत नाही. अभ्यासाला हे अंतर फार उपयोगी पडतं. मी प्रबंध सोव्हिएत पोस्टरांवर केला आणि छान गुण मिळाले. बेळगावावर करायचा होता. मराठी घरातल्या मुलीचं वाचन एकतर्फी ठरेल, या धास्तीनं विषय बाजूला राहिला. तो आजही मला सोडत नाही, आणि परत येऊन करावा की इथूनच, हे अजून ठरत नाही.

म्हणून तू अर्जातच निपाणी घाल. एकाच रस्त्यावरच्या पाट्यांचे फोटो काढ, रंगवणाऱ्यांशी बोल, कन्नड मैत्रिणीला त्याच पाट्या वाचायला लाव आणि तिचं म्हणणं तुझ्या म्हणण्याशेजारी मांड. मसुदा झाला की मला पाठव. रात्री उशिरा झाला तरी चालेल, मी वाचून लगेच कळवीन.