पॉम्पेई अर्ध्या दिवसात: काय बघावं, काय सोडावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेपल्समध्ये दोन रात्री मुक्काम आहे, त्यात एकच सकाळ मोकळी मिळते, संध्याकाळी रोमची ट्रेन आहे. सोबत सत्तरीतले आई-वडील आणि अकरा वर्षांची मुलगी. एवढ्यात पॉम्पेईची अर्ध्या दिवसाची गाइडेड टूर करावी, की नीट बघून होणार नाही म्हणून सोडूनच द्यावं? आणि वडिलांना चालणं झेपेल का?

सोडू नका. अर्धा दिवस पुरतो, पण सगळं शहर बघायचा हट्ट धरायचा नाही. तटबंदीच्या आतलं पॉम्पेई सुमारे ६६ हेक्टरांवर पसरलंय आणि त्यातला जवळपास एक तृतीयांश भाग अजून खणलेलाही नाही. पूर्ण दिवस असलेली माणसंसुद्धा दुपारनंतर थकून नुसती भिंतींसमोरून जात राहतात. त्यापेक्षा अडीच-तीन तासांत दोन रस्ते, तीन-चार घरं, एक भट्टी आणि दोन हमामखाने नीट बघितले, तर शहर जास्त कळतं.

रोममध्ये तुम्ही कलोसियम आणि तिथलं फोरम (रोमन शहराचा मुख्य चौक) बघणारच आहात. मोठे खांब, कमानी, देवळं तिथे भरपूर मिळतील. पॉम्पेईची खरी श्रीमंती आहे ती साध्या गोष्टींत: रस्ता, फूटपाथ, सार्वजनिक नळ, दुकानाचा उंबरा, पिठाची जाती, भिंतीवरचा निवडणुकीचा प्रचार. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि चालतं-बोलतं शहर चार-सहा मीटर राख आणि प्युमिस दगडांखाली गेलं. एरवी शहरं जुनी होतात तशी पाडून पुन्हा बांधली जातात, गरिबाचं घर तर आधी जातं. इथे ते राहिलं. म्हणून गाइड ठरवतानाच सांगून ठेवा, की आम्हाला देवळं कमी आणि घरं-दुकानं जास्त दाखवा.

गाइड घ्याच. ऑडिओ गाइड तिथे मिळतो, पण जागेवर पाट्या फार कमी आहेत आणि रोज सगळी घरं उघडी नसतात. डागडुजीसाठी आज हे बंद, उद्या ते बंद, असं चालूच असतं. रोज तिथे वावरणाऱ्या गाइडला ते सकाळीच माहीत असतं आणि तो वाट बदलतो. परवानाधारक गाइड आधीच ठरवा. ग्रुप टूर घेणार असाल तर गटात किती माणसं असतील आणि प्रत्यक्ष अवशेषांत किती वेळ मिळेल, हे विचारून घ्या. ‘अर्धा दिवस’ म्हणून विकलेल्या काही बस टूरमध्ये वाटेत कोरल आणि कॅमिओच्या (शिंपल्यावर कोरलेल्या दागिन्यांच्या) दुकानात थांबा असतो आणि आत जेमतेम दोन तास उरतात. व्हेसुव्हियसची चढाई जोडलेली टूर मात्र आई-वडिलांसोबत अजिबात घेऊ नका. अर्ध्या दिवसात दोन्ही धड होत नाहीत.

गाइड चांगला आहे का, हे ओळखायची माझी एक खूण आहे. उद्रेकाची तारीख विचारा. पूर्वी सगळीकडे २४ ऑगस्ट सांगायचे. २०१८मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तिच्यावरची तारीख १७ ऑक्टोबरची निघते. कोळशाची अक्षरं भिंतीवर फार काळ टिकत नाहीत, म्हणून उद्रेक ऑक्टोबरात झाला असावा असं आता बरेच अभ्यासक मानतात. हे जो समजावून सांगेल, ‘असं म्हणायचे, आता असं वाटतं’ असं बोलेल, त्याच्यासोबत सकाळ छान जाते.

मार्ग सांगतो. सर्कमव्हेसुव्हियाना लोकल नेपल्सच्या गारिबाल्दी स्थानकातून सुटते आणि चाळीसएक मिनिटांत ‘पॉम्पेई स्काव्ही – व्हिला देई मिस्तेरी’ला पोचते. उतरलात की पोर्ता मरिना हे प्रवेशद्वार अगदी समोर आहे. गाडीत गर्दी असते, पाकिटं सांभाळा. नऊला दार उघडतं, तेव्हाच आत शिरा. दहानंतर गटांची रीघ लागते आणि उन्हाळ्यात अकरापासून ऊन असह्य होतं. सावली जवळजवळ नाहीच. पोर्ता मरिनाचा चढ दगडी आणि तीव्र आहे, तो सावकाश चढा.

वर आलात की बॅसिलिका (कोर्ट-कचेरी आणि व्यवहारांची मोठी इमारत) आणि मग फोरम. इथे दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. ज्युपिटरच्या देवळामागे व्हेसुव्हियस दिसतो, फोटो सगळे तिथेच काढतात. शेजारच्या कोठारात जाळीमागे मडकी, दगडी वस्तू आणि प्लास्टरमधली माणसं ठेवली आहेत. मुलीला त्यांच्याबद्दल आधीच सांगा. राखेत गाडलं गेलेलं शरीर कुजून गेलं, भोवतालची राख घट्ट झाली आणि आत माणसाच्या आकाराची पोकळी उरली. १८६३मध्ये जुझेप्पे फियोरेल्ली यांनी त्या पोकळीत प्लास्टर ओतायला सुरुवात केली. आत बऱ्याचदा हाडंही आहेत. ते पुतळे नाहीत, ती माणसं आहेत, हे आधी माहीत असलं की मूल घाबरत नाही, गंभीरपणे बघतं. यांच्याबद्दल पूर्वी सांगितलेल्या कित्येक कहाण्या आता बदलल्यात. हातात सोन्याचं कडं आणि जवळ लहान मूल, म्हणून जिला वर्षानुवर्षं आई म्हटलं गेलं, ती व्यक्ती पुरुष होती आणि त्या मुलाशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं, असं २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात निघालं.

फोरमच्या मागे लगेच कॅफे आणि स्वच्छतागृह आहे. आई-वडिलांना तिथे एकदा बसवून घ्या, पुढे सोय फार कमी. मग फोरमचा हमामखाना, ट्रॅजिक पोएटच्या घराच्या दारातलं साखळीच्या कुत्र्याचं मोझेक, म्हणजे छोट्या दगडी तुकड्यांचं चित्र (‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी त्यातच आहे, मुलीला आवडेल) आणि तिथून फॉनचं घर. हे घर जवळपास ३,००० चौरस मीटरचं. अलेक्झांडर आणि दारियुसच्या लढाईचं प्रसिद्ध मोझेक १८३१मध्ये इथे सापडलं. जागेवर आहे ती प्रत, मूळ नेपल्सच्या संग्रहालयात.

जवळच वेत्तींचं घर. गुलामीतून मुक्त झालेल्या आणि पुढे धनाढ्य झालेल्या दोघांचं हे घर वीसएक वर्षं बंद राहून २०२३च्या जानेवारीत पुन्हा उघडलं. चित्रं बघायची तर हेच घर बघा. काळ्या पट्ट्यावर छोटे पंखवाले क्युपिड सोनारकाम करताहेत, अत्तर बनवताहेत, दारू विकताहेत. एक गोष्ट आधी सांगतो: दारातच प्रायपस देवाचं चित्र आहे, त्याचं प्रचंड मोठं लिंग तराजूत घातलेलं आणि दुसऱ्या पारड्यात पैशांची थैली. तीन पिढ्या एकत्र असताना अवघडायला होऊ शकतं. त्या काळात हे चिन्ह भरभराटीचं आणि नजर न लागण्याचं मानत, रस्त्यातल्या दगडांवर आणि दुकानांवरही दिसतं. गाइडला मुलीचं वय आधी सांगितलं की तो नीट बोलतो. लुपानार म्हणजे तिथला वेश्यागृह; त्यासमोर मोठी रांग असते. तुम्ही तो सरळ सोडा.

त्याऐवजी त्याच भागातल्या बेकरीत जा. लाव्हाच्या दगडाची, माणसाच्या छातीएवढी जाती उभी आहेत: खाली शंकूसारखा दगड, वर दोन्हीकडून पसरट पोकळ दगड, त्यात धान्य ओतायचं आणि गाढवाने किंवा गुलामाने ते गोल फिरवायचं. मागे विटांची भट्टी. एका भट्टीत तर भाजायला ठेवलेले ८१ पाव कोळसा होऊन तसेच सापडले. हे सगळं आधी पुस्तकात वाचलं असलं, तरी जात्याजवळ उभं राहिलं, की किती ताकद लागत असेल हे अंगावर येतं. माझी तिथून निघायची कधीच तयारी नसते.

आणि मग व्हिया देल’आब्बोंदान्झा, शहराचा मुख्य रस्ता. इथे गाइडला थांबवा, घाई करू देऊ नका. काळ्या लाव्हाच्या फरशांवर गाड्यांच्या चाकांनी बोटभर खोल चाकोऱ्या पडल्यात. रस्ता ओलांडायला मधे उंच दगड रोवलेत, कारण पाणी आणि घाण रस्त्यावरूनच वाहायची. दगडांमध्ये चाकं जातील एवढी जागा सोडलेली. फूटपाथच्या कडेच्या दगडाला आरपार छिद्रं आहेत, जनावर बांधायला असावीत. दुकानाच्या उंबऱ्यात लांब खाच दिसेल. आपल्याकडे जुन्या बाजारपेठांत दुकानं फळ्या लावून बंद करायचे ना, अगदी तसं इथेही फळ्या खाचेत एकापुढे एक सरकवत. वडिलांना तो उंबरा दाखवा, त्यांना गाइडच्या आधी कळेल. चौकातल्या नळाच्या दगडी टाकीच्या काठावर हाताला गुळगुळीत खोलगा लागतो. पाणी भरताना, प्यायला वाकताना लोकांनी पिढ्यानपिढ्या तिथेच हात टेकला. अशा टाक्या शहरभर चाळीसेक आहेत.

याच रस्त्याला खाण्याची दुकानं: दगडी ओटा आणि त्यात बसवलेली मोठी मडकी. सगळ्यांत देखणं दुकान मात्र उत्तरेला रेजिओ पाचमध्ये (अवशेषांच्या पाचव्या विभागात) आहे, २०२१पासून लोकांसाठी खुलं. ओट्यावर रंगवलेली टांगती बदकं, कोंबडा आणि पट्टा बांधलेला कुत्रा यांचे रंग अजून ताजे आहेत आणि मडक्यांच्या तळाशी बदक, डुक्कर, बकरी, मासे आणि गोगलगायींचे अवशेष निघाले. वेत्तींच्या घरातून तिकडे वळता येतं. वडील दमले नसतील तरच.

स्टाबियन हमामखान्यात उंचावलेल्या जमिनीखालचे विटांचे खांब बघा, गरम हवा त्यांच्यामधून फिरायची. इथे तुमचे अडीच तास झाले असतील. थांबा. अ‍ॅम्फिथिएटर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, इ.स.पू. ७०च्या सुमाराचं, दगडी अ‍ॅम्फिथिएटरांपैकी ज्ञात असलेलं सर्वांत जुनं, पण रोममध्ये कलोसियम बघणार असाल तर ते सोडायला हरकत नाही. व्हिला ऑफ मिस्टरीज ही चित्रांची आवड असणाऱ्यांना सोडवणार नाही, तरी ती तटबंदीबाहेर आहे आणि जाऊन-येऊन तास जातो.

वडिलांच्या चालण्याबद्दल. गुडघे साधारण बरे असतील तर वरचा मार्ग झेपतो, मात्र दगड उंचसखल आणि गुळगुळीत आहेत, पाऊस असेल तर घसरतात. जाड तळव्याचे बूट आणि काठी हवीच. गुडघ्यांचा त्रास खरोखर असेल तर पियात्सा अ‍ॅम्फितेआत्रोच्या दाराने शिरा. तिथून फोरमपर्यंत ‘सगळ्यांसाठी पॉम्पेई’ नावाचा सपाट केलेला मार्ग आहे, तीन किलोमीटरांहून थोडा जास्त, व्हीलचेअरही जाते. अशा वेळी अ‍ॅम्फिथिएटर आयतंच बघून होतं आणि वेत्तींचं घर राहिलं तर राहू द्या.

तिकिटांचं पटकन: दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा सगळ्यांचे पासपोर्ट जवळ ठेवा. अठरा वर्षांखाली मोफत, पण मुलीचंही तिकीट काढावं लागतं. ३० × ३० × १५ सेंटीमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. सामान हॉटेलातच ठेवा. महिन्याचा पहिला रविवार मोफत असतो, म्हणूनच त्या दिवशी जाऊ नका. पिण्याच्या पाण्याचे नळ आत आहेत, रिकामी बाटली न्या.

आता तुम्ही विचारलं नाही ते सांगतो, कारण मराठी माणसाने हे चुकवू नये. व्हिया देल’आब्बोंदान्झालगतच्या एका घरात १९३८मध्ये हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती सापडली, वीतभरापेक्षा थोडी उंच. अंगावर दागिन्यांशिवाय फारसं काही नाही, मनगटापासून वर बांगड्याच बांगड्या, दोन्ही बाजूंना दोन लहान सेविका. ती उघडच भारतीय आहे. आधी लक्ष्मी म्हटलं गेलं, आता बरेच जण यक्षी म्हणतात. याच धाटणीच्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाल्यात. पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी (वायव्येकडची जुनी लिपी) अक्षर आहे, त्यामुळे ती वायव्येकडून गेली असाही तर्क आहे; पण घडण सातवाहनांच्या दख्खनची वाटते, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वाटाड्यात पैठण आणि तगर दोन्ही नावं आहेत. तिथून माल गाड्यांतून भरुचच्या बंदराला जायचा.

थोरला प्लिनी हा रोमन लेखक आणि आरमाराचा अधिकारी लिहून गेलाय, की भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून घेतो. तोच प्लिनी या उद्रेकात लोकांना वाचवायला जहाजं घेऊन निघाला आणि स्टाबियाच्या किनाऱ्यावर मेला. त्याच्या तक्रारीतला माल नेमका काय होता, हे त्याच राखेतून निघालेल्या त्या मूर्तीत बघायला मिळतं.

मूर्ती पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ‘गुप्त दालन’ नावाच्या खोल्यांत ठेवली आहे. त्या दालनात पॉम्पेईतली उघड शृंगारिक चित्रं आणि वस्तू आहेत, तेव्हा मुलीसोबत एकाने बाहेर अलेक्झांडरच्या मोझेकपाशी थांबा आणि आळीपाळीने आत जाऊन या. एक-दीडला पॉम्पेईहून निघालात तर गारिबाल्दीहून मेट्रोने ‘म्युझेओ’ला उतरून दोन तास सहज मिळतात आणि तरीही संध्याकाळची ट्रेन हातात राहते. हे संग्रहालय मंगळवारी बंद असतं, म्हणून नेपल्सचे दिवस पक्के करायच्या आधी वार बघून घ्या.