बाल न्याय मंडळाने जामीन नाकारला, आता अपील कुठे करायचं?

तुमचा प्रश्न असा आहे. भाचा 17 वर्षं 2 महिन्यांचा, अकरावीत शिकतो. गल्लीतल्या मारामारीत एकाला चाकू लागला. पोलिसांनी तीन मोठ्या पोरांबरोबर भाच्यालाही धरलं आणि खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावलं. 12 दिवसांपूर्वी बाल न्याय मंडळाने जामीन नाकारला, तेव्हापासून तो रिमांड होममध्ये आहे. पोलीस ठाण्यात कोणीतरी तुमच्या बहिणीला सांगितलं की पोर्शे प्रकरणापासून 16 वर्षांवरच्या सगळ्यांना मोठ्यांसारखंच चालवतात, दहा वर्षं आत जाईल. हे खरं आहे का, आणि वर दाद कुठे मागायची?

मी वकील आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्यामुळे गेली अकरा वर्षं मंडळासमोर मुलांची कामं चालवते. आधी त्या दहा वर्षांबद्दल बोलते, कारण बहिणीची झोप त्यानेच उडाली असणार.

ते खरं नाही. मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, हा प्रश्न फक्त 'निर्घृण' गुन्ह्यात येतो, आणि निर्घृण म्हणजे ज्याला कायद्याने *किमान* 7 वर्षं शिक्षा ठेवली आहे तो गुन्हा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 109 मध्ये, म्हणजे खुनाच्या प्रयत्नात, शिक्षा मोठी आहे, जखम झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत जाते. पण किमान 7 वर्षांची अट तिथे नाही. अशा गुन्ह्यांना 'गंभीर' धरायचं, निर्घृण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात सांगितलं. पुढे 2021 च्या दुरुस्तीने तेच बाल न्याय कायद्यात लिहिलं गेलं आणि 1 सप्टेंबर 2022 पासून ते लागू आहे. म्हणजे भाच्याचं प्रकरण मंडळासमोरच चालणार. गुन्हा सिद्ध झाला तरी मंडळ त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवू शकतं, आणि तो शेवटचा पर्याय असतो. समज देऊन घरी सोडणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांच्या हमीवर परिवीक्षा (म्हणजे देखरेखीखाली घरीच राहणं) हे सगळे त्याच्या आधीचे पर्याय आहेत.

पोर्शे प्रकरणाचं नाव घेऊन लोकांना घाबरवतात, पण त्यात पुढे काय झालं हे कोणी सांगत नाही. 19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला 17 वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. त्यांच्या घरच्यांचं दुःख कुठल्याच कायद्याने भरून येणारं नाही. मंडळाने त्याच दिवशी 300 शब्दांच्या निबंधाची अट घालून जामीन दिला, त्यावर लोक भडकले आणि तीन दिवसांत मुलाला निरीक्षणगृहात (रिमांड होममध्ये) पाठवलं गेलं. जामीन झालेल्या मुलाला असं पुन्हा आत ठेवणं मुंबई उच्च न्यायालयाने 25 जून 2024 ला बेकायदा ठरवलं आणि त्याला आत्याच्या ताब्यात दिलं. त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवा हा पोलिसांचा अर्जही जुलै 2025 मध्ये मंडळाने फेटाळला. एवढा गाजावाजा झाला तरी कायदा होता तिथेच आहे.

आता सुनावणी. मंडळात तिघं असतात: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य, त्यांत किमान एक बाई. खोली साधी असते. नियमाप्रमाणे उंच व्यासपीठ नाही, पिंजरा नाही, पोलीस साध्या कपड्यांत. आमच्याकडे मुलगा टेबलासमोरच्या खुर्चीत बसतो आणि आई शेजारी. 'खटला' हा शब्दही नसतो, 'चौकशी' म्हणतात. हे बघून घरचे दोनपैकी एक चूक करतात. काही जण वकीलच देत नाहीत, 'लहान आहे, सोडून देतील' म्हणतात. काही जण इतके घाबरतात की मंडळाने विचारलेल्या प्रश्नालाही उत्तर देत नाहीत. चौकशी असली तरी साक्षीदार येतात, उलटतपासणी होते. मुलगा निर्दोष आहे हेच गृहीत धरून सुरुवात करायची असते. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. तो मुलाचा हक्क आहे, मागायला लाजू नका.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. तीन मोठी पोरं बरोबर आहेत ना? त्यांच्या बाजूचा कोणीतरी येऊन सांगेल, 'तुमचा लहान आहे, त्यालाच कबूल करू दे, त्याचं काही होत नाही.' मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता मुलाला पहिल्यांदा भेटले की हाच प्रश्न आधी विचारते. त्या पोरांचा खटला वेगळ्या कोर्टात चालणार आहे. भाच्याने जे केलं नाही ते त्याने स्वतःवर घ्यायचं नाही. आणि पहिल्या रात्री त्याला लॉकअपमध्ये ठेवलं होतं का, मारलं होतं का, हेही त्याला विचारा. मुलाला लॉकअपमध्ये ठेवायला कायद्याने सक्त मनाई आहे, 24 तासांत मंडळापुढे न्यावं लागतं. तसं घडलं असेल तर मंडळासमोर सांगून रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, लिहून घ्या.

जामीन नाकारण्याबद्दल तुम्ही लिहिलंय, 'गुन्हा गंभीर आहे म्हणून.' आदेशाची नक्कल काढून नीट वाचा. बाल न्याय कायद्याच्या कलम 12 मध्ये (पुढची कलमंही याच कायद्याची) मुलाला जामीन हा नियम आहे आणि तो तीनच कारणांनी नाकारता येतो: सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच हरेल. गुन्ह्याचं गांभीर्य हे चौथं कारण त्यात नाही. आदेशात फक्त तेवढंच असेल तर अपिलाला तुमचा पाया तिथेच तयार आहे.

पण नुसता कायदा दाखवून भागत नाही, हे मी एका मुलाच्या कामात शिकले. वय 16, वस्तीतल्या टोळीबरोबर पकडला गेलेला, आणि मंडळाने संगतीच्या कारणानेच जामीन नाकारला होता. खरं सांगायचं तर ते कारण खोटं नव्हतं, ती पोरं त्याच्याच चाळीत राहत होती. अपिलात मी त्यावर वाद घातला नाही. त्याचा मामा दुसऱ्या तालुक्यात राहतो, त्याचं शपथपत्र लावलं. मामाच्या गावाजवळच्या आयटीआयचा प्रवेशअर्ज लावला. आणि एक चिठ्ठी लावली. मुलगा रोज पहाटे पाचला दुधाची लाइन टाकायचा, डेअरीवाल्याने वहीच्या पानावर लिहून दिलं होतं, 'दोन वर्षांत चार खाडे, हिशोबात एक रुपयाचा फरक नाही.' न्यायाधीशांनी ते पान दोनदा वाचलं. मुलगा मामाच्या ताब्यात सुटला. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात मात्र त्या दूधलाइनचा उल्लेखही नव्हता. अधिकारी घरी आला तेव्हा वडील कामावर होते आणि आईला काय सांगावं ते सुचलं नव्हतं.

तो सामाजिक तपासणी अहवाल मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून दोन आठवड्यांत मंडळाकडे जायचा असतो. माझ्या अनुभवात जामीनही त्यावर ठरतो आणि शेवटचा आदेशही. तुमच्या प्रकरणात तो आला असेल. गोपनीय असतो, पण त्यातला मजकूर पालकांना कळवण्याचा आणि त्यावर पुरावा द्यायला संधी देण्याचा अधिकार मंडळाला आहे. तसा अर्ज वकिलाकरवी द्या. शाळेतल्या बाईंचं पत्र, क्लासची हजेरी, तो ज्याच्या दुकानात बसतो त्याचं पत्र, जे खरं असेल ते गोळा करा. खोटं एकही नको, अधिकारी फोन करून खात्री करतात.

अपील जिल्हा व सत्र न्यायालयात, म्हणजे बाल न्यायालयात करायचं, कलम 101 खाली. मुदत आदेशापासून 30 दिवस. तुमचे 12 गेले, 18 उरले. उशिराला सबळ कारण असेल तर कोर्ट माफ करतं, पण त्यावर विसंबू नका. न्यायालयाने अपील 30 दिवसांत निकाली काढावं असंही कायदा म्हणतो. तिथे नाही जमलं तर त्या आदेशावर दुसरं अपील नाही, मग कलम 102 खाली उच्च न्यायालयात पुनरीक्षण (रिव्हिजन) अर्ज. अपिलात जामीन मिळाला आणि जामीनदार वगैरे अटी सात दिवसांत पुऱ्या झाल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावं लागतं. पैशावाचून तो आत अडकून राहू नये म्हणूनच ही तरतूद आहे.

अपील चालू असताना मूळ चौकशी थांबत नाही. ती चार महिन्यांत संपवायची असते, मंडळ आणखी दोन महिने वाढवू शकतं, आणि गंभीर गुन्ह्यात त्यापुढची मुदत मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडून घ्यावी लागते. प्रत्यक्षात लांबतं, म्हणून दर तारखेला कोणीतरी घरचं हजर राहा. शेवटी मंडळाने त्याला निर्दोष ठरवलं तर अशा प्रकरणात सरकारला अपीलच करता येत नाही. दोषी ठरवलं तर तुम्हाला पुन्हा तेच 30 दिवस, तेच सत्र न्यायालय.

त्याला पुढे पोलीस भरती द्यायची आहे, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. कलम 24 प्रमाणे मंडळाने दोषी ठरवलं तरी त्यामुळे मुलगा कुठल्याही गोष्टीसाठी अपात्र ठरत नाही, आणि ठराविक मुदतीनंतर त्या नोंदी नष्ट करायच्या असतात. म्हणून प्रकरणाचा गावभर बोभाटा होऊ देऊ नका. त्याचं नाव किंवा फोटो कोणी छापला, व्हॉट्सअॅपवर फिरवला तर तो कलम 74 खाली गुन्हा आहे, स्क्रीनशॉट काढून वकिलाला द्या.

उद्या सकाळी मंडळाच्या कार्यालयात जाऊन आदेशाच्या नकलेचा अर्ज करा. जाताना शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, जन्मदाखला आणि आधार यांवरची जन्मतारीख एकच आहे ना ते ताडून पाहा. फरक असेल तर वकिलाला लगेच सांगा, वयाचा वाद निघाला की आधी शाळेचा किंवा दहावीचाच दाखला बघतात. आणि भेटीच्या दिवशी त्याची अकरावीची पुस्तकं घेऊन जा.