व्हिडिओ एडिटिंग करताना टाइमलाइनवर स्नॅपिंग चालू ठेवावं की बंद?

चालूच ठेवा. (टाइमलाइन म्हणजे क्लिप ओळीने मांडायची पट्टी, आणि स्नॅपिंग म्हणजे क्लिप ओढताना तिची कड जवळच्या कडेला आपोआप चिकटणं.) तुम्ही म्हणता, दोन क्लिप चिकटलेल्या दिसतात, तरी एक्स्पोर्टनंतर जोडावर क्षणभर काळं चमकतं. आणि स्नॅपिंग लावलं की क्लिप भलतीकडेच जाऊन चिकटते. दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा टाइमलाइनचा झूम असतो.

ते काळं म्हणजे एखाद्या फ्रेमची, म्हणजे व्हिडिओतल्या एका चित्राइतकी, फट. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. अख्खी टाइमलाइन स्क्रीनवर मावेल इतकं झूम आउट केलंत तर ती दिसणारच नाही. क्लिप उलट जास्त सरकली तर अनेक सॉफ्टवेअरमध्ये ती शेजारच्या क्लिपवर चढून तिचा तुकडा खाते. हे मला फटीपेक्षा वाईट वाटतं, कारण काळं काही दिसत नाही, बोलणाऱ्याचा शेवटचा शब्द तेवढा तुटतो. स्नॅपिंग असलं की कडेला कड बरोबर भिडते.

आता भलतीकडे चिकटण्याचं. स्नॅपिंग क्लिपच्या कडांइतकंच प्लेहेडला (आत्ता कुठे आहोत ते दाखवणारी उभी रेघ) आणि मार्करलाही (टाइमलाइनवर टाकलेली खूण) धरतं. झूम आउट असताना ही सगळी ठिकाणं स्क्रीनवर एकमेकांना खेटून असतात, मग क्लिप त्यातलं कुठलंही पकडते. झूम इन करा, प्लेहेड बाजूला न्या. तरीही ओढ लागत असेल तर क्लिप माउसने धरलेली असतानाच स्नॅपिंगची की दाबा: प्रीमियर प्रोमध्ये एस, दाविंची रिझॉल्व्ह आणि फायनल कटमध्ये एन. ओढता ओढता बंद होतं, पुन्हा दाबलं की चालू. (फायनल कटची मॅग्नेटिक टाइमलाइन, म्हणजे क्लिप आपोआप सरकवून फट बुजवणारी, वेगळी; तिची यात गल्लत करू नका.)

बंद मी शक्यतो आवाज जुळवताना करतो. वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज ओठांशी बसवायचा तर एकदोन फ्रेम इकडेतिकडे करावं लागतं, तिथे चिकटणं नडतं. गाण्याच्या ठेक्यावर कट करायचे असतील तेव्हा मात्र चालूच हवं. गाणं वाजवत ठेक्यावर एम दाबत मार्कर टाका, मग क्लिप त्यांना टेकवत चला.

आधीच राहिलेल्या फटी शोधायला प्रीमियरमध्ये शिफ्ट आणि अर्धविरामाची की एकत्र दाबा, प्लेहेड पुढच्या फटीवर जातो. पण खाली गाणं बसवून झालं असेल तर रिपल डिलीट (फट काढून पुढचं सगळं मागे ओढणं) करू नका, पुढचे सगळे कट ठेक्यावरून सरकतील. आधीच्या क्लिपची कड ओढून पुढच्या क्लिपला टेकवा.