वाचक विचारतात : ‘दाऊ अल सेत’ नेमकं कधी बंद पडलं?

प्रश्न : चित्रकार तापियेस यांच्याविषयी वाचताना बार्सेलोनाच्या ‘दाऊ अल सेत’ मासिकाचा उल्लेख येतो. एका ठिकाणी ते १९५१ मध्ये संपल्याचं लिहिलंय, तर दुसरीकडे १९५६ मध्ये. खरं काय?

उत्तर : मासिक काढणारा कलावंतांचा गट आणि मासिक, दोघांचं नाव एकच, म्हणून हा घोळ होतो. पहिला अंक सप्टेंबर १९४८ मध्ये निघाला. सुरुवातीला सहा जण होते : कवी झुआन ब्रोसा, तत्त्वज्ञ आर्नाऊ पुच आणि झुआन पोन्स, आंतोनी तापियेस, मुदेस्त कुशार्त, झुआन-झुझेप तारात्स हे चित्रकार. कवी-समीक्षक सिर्लोत १९४९ मध्ये आले. पण तापियेस १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि सगळे पांगायला लागले. १९५१ मध्ये साला काराल्त या कलादालनात एकत्र प्रदर्शन भरलं, पुढे १९५३ मध्ये पोन्स यांनी ब्राझील गाठलं. गट संपला तो याच काळात. मासिक मात्र तारात्स जवळपास एकट्याच्या बळावर १९५६ पर्यंत काढत राहिले. त्यामुळे १९५३ नंतरचा अंक हाती आला, तर त्याला ‘गटाची भूमिका’ समजू नका.

प्रश्न : हे आपल्याकडच्या सायक्लोस्टाइल अनियतकालिकांसारखं होतं का?

उत्तर : प्रती थोड्या, पैसा त्याहून थोडा, इतकंच साम्य. छपाई खिळ्यांची, म्हणजे सुट्या धातूच्या अक्षरांची होती आणि ती तारात्स स्वतः घरच्या छोट्या यंत्रावर करत. अशा यंत्रावर काम कसं चालतं ते पाहिलं की मासिकाचं रूप कळतं. मजकूर हातानं जुळवायचा, चौकटीत आवळायचा, रुळानं शाई द्यायची, एकेक कागद दाबायचा. दुसरा रंग हवा तर तोच कागद सुकल्यावर पुन्हा यंत्रात घालायचा. कागद केसभर सरकला तरी रंग रेषेबाहेर जातो. खिळे मोजके असले तर छापून झालेलं पान मोडल्याशिवाय पुढचं जुळत नाही. मग पानं कमीच राहणार! सायक्लोस्टाइलमध्ये शाई मेणकागदाच्या छिद्रांतून उतरते, छपाईचा दाब कागदात उमटत नाही. इथे तो उमटतो, आणि ठशांवरून छापलेल्या चित्रांना त्यानंच जोर येतो.

शाई जुळवताना वाया गेलेले, डागाळलेले कागदही तारात्स यांनी टाकले नाहीत. त्यांतून त्यांनी ‘माकुलातुरा’ हे स्वतःचं चित्रतंत्र घडवलं. तापियेस यांच्या कीर्तीपुढे हा माणूस झाकला जातो, हे आम्हाला अन्यायाचं वाटतं. यंत्र त्याचं नसतं तर मासिक चार अंकांतच आटोपलं असतं.

प्रश्न : स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या काळात कातालान या बार्सेलोनाकडच्या भाषेत मासिक निघालं कसं?

उत्तर : गुपचूप. १९३९ नंतर कातालान नियतकालिकांना परवानगी मिळणं जवळपास अशक्य होतं. ‘दाऊ अल सेत’चे मोजके अंक ओळखीपाळखीत फिरत, कातालानसोबत स्पॅनिश आणि फ्रेंच मजकूरही असे. ही मंडळी स्वप्न, जादू, रात्र, सैतान यांत रमलेली. वीस वर्षं उशिरा आलेला अतिवास्तववाद म्हणून त्यांना हिणवता येईल, पण स्पेनमधल्या यादवी युद्धानं तुटलेला धागा त्यांना कवी फोइश आणि चित्रकार मिरो यांच्याकडूनच पुन्हा हाती घ्यावा लागला होता. मदत बाहेरूनही मिळाली : बार्सेलोनात राजनैतिक नेमणुकीवर असलेले ब्राझिली कवी झुआंव काब्राल यांनी १९४९ मध्ये ब्रोसा यांची सुनीतं स्वतःच्या हातयंत्रावर छापून दिली.