छांदिष्ट ही शिवी नाही, पण मानपत्रात नको

प्रश्न थोडक्यात असा. एका निवृत्त गृहस्थांचा सत्कार होता. त्यांना किल्लीची जुनी घड्याळं दुरुस्त करायचा नाद. कुणीही बंद पडलेलं घड्याळ आणून द्यावं, हे डोळ्याला भिंग लावून बसणार. पैसे घेत नाहीत. वर एका वहीत घड्याळ कुणाचं, बिघाड काय होता, कुठल्या चाकाचा कुठला दाता झिजला होता, हे टिपून ठेवतात. मानपत्रात त्यांना 'छांदिष्ट व्यक्तिमत्त्व' म्हटलं आणि घरचे दुखावले. तर 'छांदिष्ट' ही स्तुती की निंदा? 'छंद' चांगला आणि 'छंदीफंदी' वाईट, हे कसं? आणि ज्याच्या छंदामुळे त्याच्याविषयी आदर वाटावा, अशा माणसाला मराठीत म्हणायचं काय?

घरच्यांचं बरोबर आहे. 'छांदिष्ट'मध्ये कौतुक असतं, पण ते गालातल्या गालात हसत केलेलं. गप्पांत शोभतं, चौकटीत मढवून भिंतीवर लावायच्या कागदात नाही. दोष मात्र छंदाचा नाही, त्याच्या शेपटीचा आहे. संस्कृतात '-इष्ठ' हा पराकाष्ठा दाखवणारा प्रत्यय: ज्येष्ठ, कनिष्ठ, बलिष्ठ. मराठीत उतरताना त्याचा 'ठ' बऱ्याच ठिकाणी 'ट' झाला आणि संगतही बिघडली. कोपिष्ट, रागिष्ट, नादिष्ट, पापिष्ट. गर्विष्ठाने 'ठ' तेवढा राखला, अब्रू नाही. ह्या रांगेत उभा केल्यावर छंद बिचारा काय करणार? 'स्वादिष्ट' तेवढा अपवाद, आणि तोही मुळात 'स्वादिष्ठ' आहे, पण हे आता कुणाला सांगायला गेलं तर लोक आपल्यालाच छांदिष्ट म्हणतात.

आता मूळ शब्दाकडे. मला ज्याचा खरोखर कंटाळा आलाय तो समज असा की छंद म्हणजे जात्याच काहीतरी सात्त्विक आणि व्यसन म्हणजे जात्याच काहीतरी वाईट. 'चांगले छंद लावून घ्या, व्यक्तिमत्त्व घडवा' असं सांगणारी व्याख्यानं आणि परिचयपत्रातली 'छंद : वाचन, संगीत, प्रवास' ही ओळ ह्याच समजावर चालतात. शब्दांचा इतिहास ह्यांच्या बाजूने अजिबात नाही.

संस्कृतात दोन शब्द आहेत. एक 'छन्द', पुल्लिंगी, म्हणजे इच्छा, मर्जी. दुसरा 'छन्दस्', नपुंसकलिंगी, म्हणजे कवितेचं वृत्त आणि वेदही. मराठीत दोघे एकाच सदऱ्यात शिरले. वृत्ताचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, तो सोडतो. अमरकोश हा संस्कृतचा जुना शब्दकोश 'अभिप्रायश्छन्द आशयः' म्हणतो, म्हणजे छंद हा नुसता मनातला कल. तो कल आपल्या मर्जीने चालला की 'स्वच्छंद', दुसऱ्याच्या मर्जीने चालला की 'छंदानुवर्ती', म्हणजे शुद्ध मराठीत हांजी हांजी करणारा. चांगलं-वाईट ह्यात कुठेच नाही. 'छंदीफंदी'तला बदनाम भाग 'फंद' आहे, म्हणजे लबाडी, भानगड. छंद तिथे सोबतीला ओढला गेला. पण फंदालाही एकदा बरे दिवस आले होते. धोपट मार्ग सोडू नको असं बजावणारा फटका ज्याच्या नावावर आहे, तो शाहीर अनंत फंदीच.

व्युत्पत्ती हा ह्या शब्दाचा खरा मजेचा भाग आहे आणि तिथे माझं थेट यास्काशी भांडण आहे. निरुक्त ह्या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथात तो म्हणतो, 'छन्दांसि छादनात्', झाकतात म्हणून छंद. छांदोग्य उपनिषदात ह्याला कथाही जोडली आहे. मृत्यूला भ्यालेले देव तीन वेदांत शिरले आणि त्यांनी छंदांचं पांघरूण घेतलं, छंदांनी देवांना 'आच्छादिलं' म्हणून ते छंद. विद्वान मंडळी इथपर्यंतच सांगतात आणि टाळ्या घेतात. पुढचं वाक्य कुणी वाचत नाही. पाण्यात मासा दिसावा तसे ते देव मृत्यूला लख्ख दिसले, असं तेच उपनिषद पुढे सांगतं, आणि मग देवांना तिथून उठून 'स्वरा'त, म्हणजे ओंकारात शिरावं लागलं. जे पांघरूण आतलं काहीच झाकत नाही, त्याचं नाव झाकण्यावरून पडलं हे मला पटत नाही. शिवाय छादनातून वृत्ताचा अर्थ ओढूनताणून निघेल, 'इच्छा' कशी निघणार? घड्याळाच्या वेडाने माणूस झाकला जातो की उघडा पडतो?

ह्याउलट उणादिसूत्रांमध्ये, म्हणजे धातूंपासून शब्द घडवायच्या व्याकरणसूत्रांमध्ये, एक छोटंसं सूत्र आहे: 'चन्देरादेश्च छः'. 'चन्द्' ह्या धातूच्या आरंभीच्या 'च'चा 'छ' करा, की 'छन्दस्' तयार. आणि धातुपाठात, म्हणजे धातूंच्या यादीत, ह्या 'चन्द्'चा अर्थ दिलाय आल्हाद देणं आणि चमकणं. 'चंद्र' ह्याच धातूचा. म्हणजे छंद आणि चंद्र भाऊ! हे सूत्र मी प्रथम वाचलं तेव्हा वाटलं, व्याकरणकारांनी सोयीसाठी 'च'चा 'छ' करून घेतला, जसं ते अनेकदा करतात. पण मग हरिश्चंद्र आठवला.

'हरि' अधिक 'चंद्र' म्हणजे 'हरिचंद्र' व्हायला हवं. मधला 'श्' आला कुठून? काही व्याकरणपुस्तकं 'हरिः + चंद्र' असा विग्रह देऊन हे विसर्गसंधीचं उदाहरण म्हणून खपवतात. समासात पूर्वपदाचा विभक्तिप्रत्यय गळतो हे त्याच पुस्तकात दहा पानं पुढे लिहिलेलं असतं, पण दोन पानं एकत्र वाचायची पद्धत नाही. हा विसर्ग असता तर पाणिनीला ह्या नावासाठी 'प्रस्कण्वहरिश्चन्द्रावृषी' असं खास सूत्र करावं लागलं नसतं. ऋग्वेदात 'सुश्चन्द्र', 'पुरुश्चन्द्र' हे शब्दही आहेत, तिथेही हाच 'श्'. खरी गोष्ट अशी की हा 'श्' बाहेरून आलेला नाही, तो चंद्राच्या स्वतःच्या तोंडी होता. मूळ शब्द 'श्चन्द्र'. एकटा असताना 'श्' गळला, समासाच्या आडोशाला टिकला.

आता हा 'श्च' त्याहून जुन्या 'स्क'मधून आलेला मानतात. आणि जुना 'स्क' संस्कृतात कुठे कुठे 'छ' होऊनही येतो. ग्रीक 'स्किया' म्हणजे सावली, आपली 'छाया'. लॅटिन 'स्किन्डो' म्हणजे मी फाडतो, आपला 'छिद्', ज्यातून छेद आणि छिद्र. म्हणजे एकाच 'स्कन्द'सारख्या मुळातून एकीकडे 'श्चंद्र' आणि दुसरीकडे 'छंद' येण्यात विचित्र काही नाही. वैदिक भाषेत 'छन्द्' धातू दिसणं, भासणं, बरं वाटणं ह्या अर्थांनी येतोच. जे चमकतं ते दिसतं, जे दिसतं ते आवडतं. सगळे भाषाशास्त्रज्ञ हे नातं मान्य करत नाहीत, काही जण दोन धातू वेगळे ठेवतात. ठेवोत. मला ते सावधपणापेक्षा रुक्षपणाचं लक्षण वाटतं.

चंद्राचे युरोपातले नातेवाईक मात्र वादातीत आहेत. लॅटिन 'कान्देरे' म्हणजे चमकणं. त्यातून मेणबत्तीची 'कॅन्डल', आणि 'कान्दिदुस' म्हणजे शुभ्र. रोममध्ये पदासाठी उभे राहणारे लोक खडूने पांढरा केलेला झगा घालून फिरत, म्हणून ते 'कॅन्डिडेट'. माझा तर्क खरा धरला तर अर्जातल्या छंदांच्या रकान्यासमोर बसलेला कॅन्डिडेट आपल्याच चुलतभावाविषयी लिहीत असतो. आणि बहुधा खोटं लिहीत असतो.

बरं, चांगल्या-वाईटाकडे. ह्यात संस्कृतपेक्षा बौद्ध ग्रंथांची पाली जास्त प्रामाणिक आहे. पालीत छंद दोन्ही पक्षांत बसतो. साधकाच्या वाटेतल्या पाच अडथळ्यांपैकी, म्हणजे नीवरणांपैकी, पहिला 'कामच्छंद'. माणूस अन्याय्य वागतो त्या चार कारणांपैकी पहिलं पुन्हा छंदच, म्हणजे 'माझ्या आवडीचा माणूस' म्हणून केलेला पक्षपात. मग द्वेष, मोह आणि भय. आणि तरीही सिद्धीच्या चार पायांमध्ये, इद्धिपादांमध्ये, पहिला कोण? तोही छंद. तो नसेल तर प्रयत्न सुरूच होत नाही. विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या शिस्तीच्या, नियमांत आणखी एक सुरेख अर्थ आहे: आजारी भिक्खूला संघाच्या कामकाजाला येता आलं नाही तर तो दुसऱ्याबरोबर आपला 'छंद' पाठवतो, म्हणजे संमती. तेव्हा छंद आहे एवढ्यावरून माणसाबद्दल काही कळत नाही. कशाचा आहे, आणि त्यापायी तो काय करायला तयार आहे, ह्यावरून कळतं. घड्याळवाल्या गृहस्थांचं शील त्या भिंगात नाही, वहीत आहे. दुसऱ्याच्या वस्तूचा हिशेब कुणी मागितलेला नसताना ठेवणं हे प्रत्येक हौशी दुरुस्तीवाला करत नाही.

व्यसनाचंही तेच. 'काव्यशास्त्रविनोदेन कालो गच्छति धीमताम्' हे बक्षीससमारंभात हमखास ऐकू येतं, आणि व्यसन मूर्खांकडे ढकलणारा त्याचा उत्तरार्ध सोयीनुसार. मग ह्याच लोकांनी मनुस्मृतीतली राजाच्या व्यसनांची यादीही वाचावी. कामातून उपजणारी दहा व्यसनं तिथे आहेत. त्यात मद्य आणि जुगार आहेतच, पण 'तौर्यत्रिक' म्हणजे नाच, गाणं, वाजवणं ही तिन्ही आहेत, आणि 'वृथाट्या' म्हणजे कामाशिवाय भटकणंही आहे. परिचयपत्रातले संगीत आणि प्रवास दोन्ही गेले! दुपारची झोपही त्याच यादीत आहे, पण ती कुणी परिचयपत्रात लिहीत नाही. दुसरीकडे भर्तृहरी थोरांची लक्षणं सांगताना 'व्यसनं श्रुतौ' म्हणतो, म्हणजे त्यांना विद्येचं व्यसन असतं. शब्द तोच. 'मला वाचनाचं व्यसन आहे' असं कुणी म्हटलं की त्याला दुरुस्त करायला धावणाऱ्यांनी आधी भर्तृहरीला दुरुस्त करावं.

नादाबद्दल एवढंच: आवाज ह्या अर्थाचा शब्द वेडापर्यंत पोचला तो, माझ्या मते, हरणामुळे. एकेका इंद्रियापायी प्राण गमावणाऱ्या पाच प्राण्यांचं जुनं सुभाषित आहे. त्यात पतंग ज्योतीच्या रूपावर जातो, मासा गळाच्या चवीवर आणि हरीण शब्दावर, म्हणजे नादावर. 'नादी लागणं'मध्ये शिकारी अजून लपलेला आहे, म्हणून माणूस कुणाच्या नादी लागतो तेव्हा घरचे काळजी करतात आणि कुणाच्या छंदी लागतो असं आता सहसा कुणी म्हणत नाही. शौक अरबीतून आला, मूळ अर्थ ओढ, फार लिहिण्यासारखं नाही.

मानपत्राचं म्हणाल तर 'घड्याळांचे व्यासंगी' लिहा. संस्कृतात 'व्यासंग' म्हणजे एखाद्या गोष्टीला चिकटून राहणं, इतकं की बाकी लक्ष उडावं. मराठीने त्यातलं चिकटणं ठेवलं, लक्ष उडणं काढून टाकलं. ज्याच्या वहीत झिजलेल्या दात्यांची नोंद आहे त्याला हा शब्द मोठा होत नाही. पुस्तकं वाचल्याशिवाय व्यासंगी कसं म्हणायचं, असा आक्षेप समितीतून येईल. तो घेणाऱ्याला एक बंद घड्याळ उघडून हातात द्यावं.

आणि 'व्यासंगी' जड वाटला तर 'हौशी घड्याळजी' लिहा, घरचे रागावणार नाहीत. 'हौस' म्हणजे अरबी 'हवस'. हिंदीने तिला वासनेच्या बाजारात बसवलं, आपण तिला घरची लेक करून घेतलं. 'हौसेला मोल नाही' असं म्हणतानाही आपण तिच्यावर रागवत नाही. नाटकवाल्यांनी तर तिला फार वर नेली. पैसे घेऊन काम करणाऱ्या रंगभूमीला पूर्वी 'धंदेवाईक' म्हणत. त्या शब्दाला इतका कुजकट वास येऊ लागला की 'व्यावसायिक' हा नवा शब्द पुढे आणावा लागला. 'हौशी' मात्र जशीच्या तशी चालू आहे, तिला अजून पर्याय शोधावा लागलेला नाही.