पऱ्हाटी पेटवू नका, कुजवा

पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली काडी, बांधावर जाळली की तिच्यातलं नत्र जवळजवळ सगळं हवेत जातं, गंधकही बरंच जातं. राखेत पालाश उरतो, पण वळवाच्या पावसात तोही वाहून जाऊ शकतो. म्हणून श्रेडरने बारीक करा आणि थर देऊन ढीग रचा. किडक्या बोंडांतली गुलाबी बोंडअळीही त्यात मरते.

एक टन काडीला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट, 1 किलो कुजवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर, आणि थराथरावर शेणकाला. युरिया टाळू नका. काडीत कर्ब भरपूर, नत्र तोकडं. कुजवणारे जिवाणू कमी पडलेलं नत्र जमिनीतून ओढतात. अर्धवट कुजलेली काडी गाडून वर सोयाबीन पेरलं तर कोवळं रोप पिवळं पडतं, ते यामुळेच. जमीन बिघडलेली नसते, नत्र जिवाणूंच्या अंगात अडकलेलं असतं. ते मेले की हळूहळू सुटतं.

ओल मुठीनं बघा: दाबल्यावर हात ओला व्हावा, थेंब गळू नये. आपल्याकडच्या मे महिन्यात ढीग पटकन कोरडा पडतो आणि कुजणं तिथंच थांबतं. सावलीत रचा, वरून शेणमातीनं लिंपा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र उडतंय. लगेच कोरडी काडी मिसळा.